ओटीचा खण

सन २०१९. त्या वर्षी पोळ्याला माझ्या मुलीचा डावा कान गेला आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी त्याचा सूड घेतला. सूड हाच शब्द मी वापरणार आहे. मुलगी म्हणते, "अव्वा, न्याय म्हण." न्याय कोर्टात मिळतो आणि त्याच्या तारखा अजून पडत आहेत. मी जे केलं ते घरात बसून, हळदीकुंकवाची कोयरी हातात घेऊन केलं. तेव्हा माझं वय बासष्ट-त्रेसष्ट होतं.

मी उदगीरची. वडिलांचं मोंढ्यात आडतीचं दुकान होतं. खंडेनवमीला दुकानातला मोठा तराजू खाली उतरवून चिंचेनं घासायचा, त्याला हळदकुंकू लावायचं, तरवडाची पिवळी फुलं वाहायची. त्या दिवशी कितीही मोठं गिऱ्हाईक आलं तरी वडील तराजूला हात लावत नसत. "आज तो देव हाय, उद्या या," म्हणायचे. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन करून आले, आपट्याची पानं वाटली की मगच तराजू परत खुंटीला. मला त्या चिंचेचा वास अजून येतो. लग्न होऊन गावातच सासरी गेले तिथंही किराणा दुकान, तिथंही तराजू. नवरा शिवप्पा लवकर गेला. सुकन्या उशिरा झालेली, एकुलती एक. तिच्याकडं बघून मी सगळं आयुष्य ओढलं.

जावई मल्लिनाथ. किल्लारीच्या पलीकडचं गाव, भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. फौजेत हवालदार. आमच्याच लिंगायत समाजातला, कपाळावर विभूती, बोलायला गोड. साखरपुड्याला त्याची आई माझ्याजवळ बसली होती. बायका बोलतात तसं बोलता बोलता तिनं सांगितलं, की भूकंपात सगळं घर पडलं तरी मल्लिनाथचा बाप वाचला होता. पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. त्या वर्षी खंडेनवमीला कुणाला पूजा सुचली नाही, कोयते-कुऱ्हाडी मातीतच पडलेल्या. आणि दिवाळीच्या आत, पडक्या घराचं लाकूड फोडताना त्याच न पुजलेल्या कुऱ्हाडीनं त्याचा पाय कापला. धनुर्वात झाला, त्यातच तो गेला. मल्लिनाथ नऊ वर्षांचा होता, बापाची वाकलेली पाठ त्यानं डोळ्यांनी पाहिली. "तवापासून लोखंड पुजल्याबगर त्यो ऱ्हात न्हाई," ती म्हणाली.

मी "हो का" म्हटलं आणि पानाचा विडा तिच्या हातात दिला. पण ते माझ्या डोक्यात राहिलं. माझ्या डोक्यात असंच राहतं. कुणाच्या लग्नात कुणी कोणतं लुगडं नेसलं होतं तेही मी आज सांगेन.

लग्नानंतर काही वर्षांनी मल्लिनाथची बदली नांदेड आणि मुदखेडच्या मधल्या एका छावणीत झाली. छावणीचं नाव लिहीत नाही, त्यात छावणीचा काही दोष नव्हता. तिथं त्याला कोतेचं काम मिळालं. कोत म्हणजे हत्यारं ठेवायची पक्की खोली. जाड सळयांचं दार, दोन कुलपं, बाहेर दिवसरात्र पहारा. चाव्या मल्लिनाथच्या पट्ट्याला. एकदा मी त्यांच्या क्वार्टरवर गेले होते तेव्हा जेवताना त्यानं मला सगळा नियम समजावून सांगितला होता. फौजेतल्या माणसाकडं स्वतःचं लायसनचं हत्यार असू शकतं, पण ते छावणीत आणलं की थेट कोतेत. बराकीत नाही, पेटीत नाही, बायकापोरांच्या क्वार्टरमध्ये तर मुळीच नाही. सुट्टीवर नेताना मोठ्या साहेबाची सही, परत आलं की पहिलं काम कोत.

"लहान पोराची गुल्लेर जरी आसंल ना मामी, तरी मी जमा करून घेतो," असं म्हणून तो हसला होता.

मग त्यानं अंगदची गोष्ट सांगितली. अंगद म्हणजे शेजारच्या सुभेदारीणबाईंचा, रुक्मिणबाईंचा भाचा. तोही याच छावणीत नाईक होता. बापाच्या मागं त्याच्या नावावर दुनळी बंदूक झाली. ती घेऊन तो सुट्टीवरून आला, गाडी मुदखेडला उशिरा पोचली, कोत बंद. त्यानं बंदूक पेटीत ठेवली, सकाळी जमा करू म्हणून. सकाळी तो तोंड धुवायच्या आत मल्लिनाथनं साहेबाला घेऊन येऊन पेटी उघडली. सगळ्या कंपनीसमोर अंगदच्या दंडावरची फीत उतरली, नाईकाचा तो साधा शिपाई झाला.

"एका रातीसाठी?" मी विचारलं होतं.

"नियम म्हंजे नियम, मामी. कोतंच्या बाहेर दिसलं की संपलं."

हे सांगत असताना सुकन्या भाकरी थापत होती. तिचा हात थांबला होता, हे मला नंतर आठवलं.

कारण मल्लिनाथकडं स्वतःचं रिव्हॉल्व्हर होतं. उत्तरेकडं नेमणुकीला असताना त्यानं ते लायसन काढून घेतलेलं. इथं बदली झाल्यावर त्यानं साहेबाला सांगितलं, की नांदेडच्या परवानाधारक दुकानदाराकडं जमा केलंय. दुकानदार ओळखीतला, त्यानं हो म्हणून सांगितलं. रिव्हॉल्व्हर मात्र क्वार्टरमध्ये. आज ज्वारीच्या कणगीत, उद्या कुलरच्या टाकीत, परवा आणखी कुठं. सुकन्यालाही पत्ता लागू द्यायचा नाही. भाजीत मीठ कमी पडलं, फोनवर माझ्याशी जरा जास्त बोलली, की कुठून तरी ते काढून ताटाशेजारी ठेवायचं आणि जेवायचं. बोलायचं काही नाही. नुसतं ताटाशेजारी.

पोळ्याला दोघं गावी गेले होते. बाहेर बैल मिरवत होते, फटाके वाजत होते. गोठ्यात त्यानं तिला भिंतीला उभं केलं आणि कानाजवळून भिंतीत गोळी झाडली. कारण काय, तर बैलांसाठी केलेल्या पुरणपोळ्यांतली एक तिनं शेजारच्या म्हाताऱ्याला आधी दिली. फटाक्यांच्या आवाजात एक आवाज कुणाला कळणार? लातूरच्या डॉक्टरला त्यानं सांगितलं, फटाका कानाजवळ फुटला. मलाही फोनवर तेच. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय आणि आतली शीर गेली, हा कान आता येणार नाही.

मी उदगीरहून गेले तेव्हा सुकन्या मला उजव्या बाजूला बसवून घेत होती. दोन दिवसांनी, मल्लिनाथ ड्युटीवर असताना, तिनं हे सगळं सांगितलं. सांगताना रडली नाही. 

"चल, पोलिसात जाऊ," मी म्हटलं.

"काय दाखवशील, अव्वा? कागदावर ते दुकानात जमा हाय. इथं झडती घ्यायची म्हटलं तर झडतीला पुढं कोण आसतंय? हेच. आन् मला म्हनलेत, बोललीस तर दुसरा कान."

तिचं खरं होतं. निनावी सांगावा धाडला असता तरी त्याला आधी कळलं असतं. सुभेदारांना सांगितलं असतं तर आधी चौकशी, मग विचारपूस, तोवर हत्यार गायब. ते कुणी शोधून सापडणार नव्हतं. ते त्यानं स्वतःच्या हातानं बाहेर काढायला हवं होतं, आणि अशा माणसानं पाहायला हवं होतं की ज्याला कुणी गप्प करू शकणार नाही. उदगीरला परत येताना एसटीत खिडकीशी बसून मी हाच विचार करत होते आणि अहमदपूरच्या अलीकडं मला त्याच्या आईचं साखरपुड्यातलं बोलणं आठवलं.

नवरात्राला मी सामान बांधून छावणीत गेले. घटासाठी काळी माती, पेरायला धान्य, कडाकण्यांचं पीठ आणि गुलेदगुडचा एक खण. एकच. हिरवा, लाल काठाचा, सुंदर.

मल्लिनाथला मी म्हटलं, "जावईबापू, ह्या वर्षी तुमच्याकडं घट बसवते. घरात इडापिडा वाटायलीय. पोरीचा कान गेला, काय कमी झालं का?"

तो माझ्याकडं बघत राहिला. मी सुकन्याकडं वळले. "आन् तू गं, फटाक्याजवळ कशाला उभारलीस? कार्टीला लहानपणापासून अक्कल न्हाई."

सुकन्यानं माझ्याकडं जे पाहिलं ते मी विसरणार नाही. तिला वाटलं, मीही त्याच्या बाजूची झाले. तिला मी काही सांगितलं नव्हतं, कारण तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. ते सगळं नवरात्र मी तिला टाकून बोलत राहिले आणि जावयाला गरम पोळी वाढत राहिले. तो खुलला. शेजारी सांगायला लागला, सासू असावी तर अशी.

घट आतल्या खोलीत बसवला. बाहेरच्या खोलीत टीव्ही, येणारी-जाणारी माणसं, तिथं देव कसा ठेवणार? अखंड दिवा लावला. रोज एक माळ चढवली.

सहाव्या-सातव्या माळेला तो देवाला हात जोडून उठला तेव्हा मी सहज म्हटलं, "खंडेनवमीला तुमच्याकडं काय करता?"

"कोतेत करतो की. सगळी हत्यारं मांडून पूजा. साहेब येतेत, बडा खाना आसतो."

"ती सरकारची. ती सरकार पुजतंय. घरातलं लोखंड घरात पुजावं लागतं."

"घरात कुठलं लोखंड आलंय, मामी?"

"विळी हाय, सुरी हाय, ती आम्ही बाया पुजू. पुरुषाचं पुरुषानं पुजावं. काय आसंल ते तुमचं तुम्हाला ठाऊक, मला बाईला काय कळतंय त्यातलं?" मी वात सारली. "तुमच्या आई सांगत होत्या मला, ती भूकंपाच्या वर्षाची गोष्ट. न पुजलेली कुऱ्हाड. मला तर बाई ऐकूनच घाम फुटला. आन् ह्या वर्षी घरात रक्त आलंच की, कानातून का होईना. मागच्या साली पूजा चुकली व्हती का काही?"

 त्याचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला. मागच्या साली ते कुठंतरी दडवलेलं होतं. बिनपुजलेलं तसंच राहिलं होतं. मला ते माहीत नव्हतं, त्याच्या हातानं सांगितलं.

रुक्मिणबाईंशी माझं आता चांगलं जमलं होतं. कंधारकडच्या, जाड बांध्याच्या, तोंडानं फटकळ. मी त्यांना म्हटलं, "नवमीला हळदीकुंकू करावं म्हणते. तुमच्या मेमसाबला बोलवाल का? मोठ्या साहेबांच्या?"

"त्या येतील की. मागल्या मंगळवारी देवळात मला इचारत व्हत्या, तुमच्या लोकांचा घट कसा आसतो म्हनून." मग त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "मावशी, नुसतं हळदीकुंकूच ना?"

"नुसतं हळदीकुंकूच."

"आमच्या अंगदची फीत गेली तवापासून मी ह्या घराची पायरी चढले न्हाई. पन तुमच्यासाठी येते." आणि जाताना दारातून म्हणाल्या, "मेमसाबला घेऊनच येते. वाट चुकू देत न्हाई."

खंडेनवमीच्या सकाळी मल्लिनाथनं आंघोळ केली, विभूती लावली, सुकन्याला स्वयंपाकघरात पाठवून दिलं. रिव्हॉल्व्हर त्यानं कुठून काढलं ते मी आजही सांगू शकत नाही. घटाशेजारी पाट मांडला, त्यावर लाल कापड. गोळ्या काढून त्यानं खिशात घातल्या, तेवढी शिस्त कोतेनं लावली होती. हळद, कुंकू, झेंडू, उदबत्ती. डोळे मिटून बराच वेळ बसला. त्या वेळी तो नऊ वर्षांचा दिसत होता. मला दया आली नाही.

"मामी," तो म्हणाला, "हे मी आता उचलणार न्हाई. उद्या सीमोल्लंघन झाल्यावर उचलतो. पन ह्याच्यावर काही तरी झाका."

मी खण आणला. "देवीच्या ओटीचा हाय. ह्याच्याखाली कुनी हात घालनार न्हाई."

त्यानं स्वतः तो नीट पसरला. "आन् बाया आल्या तर बाहेरच्या खोलीतच बसवा."

"बाया कोन येतेत? शेजारच्या चार. बसवते की बाहेर."

तो कोतेच्या पूजेला गेला. पट्ट्याला चाव्या वाजत होत्या.

दुपारी उन्हं कलायच्या आत रुक्मिणबाईंचा आवाज आला. मागं तीन-चार बायका आणि त्यांच्यात मेमसाब. उंच, पहाडाकडच्या, साधी सुती साडी. त्यांचे वडीलही फौजेत होते म्हणे. कोतेच्या पूजेचा टिळा कपाळावर होता. त्यांनी दारात चपला काढल्या आणि सुकन्या चटई पसरत असतानाच म्हणाल्या, "बैठेंगे बाद में. पहले माताजी के दर्शन."

देवीचं दर्शन मागणाऱ्या सवाष्णीला बाहेर बस म्हणणारी बाई आमच्याकडं जन्मायची आहे. पण खणाखाली काय आहे ते सुकन्यानं ओळखलं होतं, ती आतल्या दारात जाऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक. "अंदर... अंदर पसारा है."

"देवीला कसला आलाय पसारा?" मी म्हटलं. "हो बाजूला."

"अव्वा, नको."

"हो बाजूला म्हटलं ना."

ती बाजूला झाली. तिच्या डोळ्यांत मी तिची वैरीण होते.

मेमसाब घटापुढं गुडघ्यावर बसल्या. हात जोडले, दिव्याकडं बघत राहिल्या. मग मी त्यांना पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं. "ओटी भरते, पदर धरा," म्हटलं, रुक्मिणबाईंनी ते हिंदीत सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी पदर पसरला. नारळ घातला. तांदूळ घातले, हळकुंड, सुपारी. मग खण हवा. घरात खण एकच होता. मी शेजारच्या पाटाकडं वळले, तो हिरवा खण दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांच्या पदरात घातला.

लाल कापडावर, झेंडूच्या फुलांत, कुंकवाची बोटं ओढलेलं ते काळं रिव्हॉल्व्हर.

"अगं बया!" रुक्मिणबाई ओरडल्या. जरा जास्तच जोरात ओरडल्या.

मेमसाबनी पदर सोडला नाही. "ये असली है?"

"मेमसाब, आज के दिन हमारे में हथियार की पूजा होती है," रुक्मिणबाई भोळ्या आवाजात म्हणाल्या.

"वो मुझे पता है. अभी कोत में वही करके आई हूँ. ये यहाँ कैसे है? किसका है?"

माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी बोलले असते तर उद्या तो म्हणाला असता, सासूनंच आणून ठेवलं. हे सुकन्याच्या तोंडून यायला हवं होतं. ती आमच्याकडं डावी बाजू करून दाराशी उभी होती. मेमसाबनी तिला परत विचारलं. तिला ऐकूच गेलं नाही. मेमसाबनी खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकली आणि माझ्याकडं बघायला लागली. मी इतके दिवस जिला सगळ्यांसमोर मूर्ख म्हटलं होतं ती माझ्याकडं बघत होती, आणि तिला कळत नव्हतं की मी कुणाची. ती म्हणू शकली असती, खेळण्यातलं आहे. म्हणू शकली असती, मला माहीत नाही. रात्री तिलाच त्या घरात राहायचं होतं. सगळं तिथंच संपलं असतं.

मी उठले, तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. आमच्या घरात माझ्या आजीच्या वेळची कानडी आता दोन-चार शब्दांपुरती उरली आहे. सुकन्या लहान असताना ताप आला, पडली, मार खाल्ला, की मी तिला मांडीवर घेऊन एकच शब्द म्हणायची. तोच तिच्या चांगल्या कानात म्हटला.

"हेळव्वा." सांग, बाई.

 मग तिनं डाव्या कानावरचे केस मागं सारले.

"इनका है, मेमसाब," ती म्हणाली. "मुझे इधर से सुनाई नहीं देता. इसी से किया. पोळे के दिन."

मेमसाब उठल्या. पदरातली ओटी त्यांनी तशीच कमरेला खोचली आणि फोन लावला. "आप खुद आइए. मल्लिनाथ के क्वार्टर पर. हाँ, बड़ा खाना छोड़कर. और उसको साथ लाइए, लेकिन बताइए कुछ मत." मग आम्हाला म्हणाल्या, "कोई हाथ नहीं लगाएगा."

कुणी लावणारच नव्हतं. त्या दिवशी ते देव होतं.

साहेब आले, रुक्मिणबाईंचे यजमान सुभेदार देविदासराव आले, दोन जवान आले. मल्लिनाथ मागं होता, हातात प्रसादाची पुडी. आधी त्याला वाटलं, हळदीकुंकवाचं काही आहे, तो हसतच आत आला. मग त्यानं पाट पाहिला. मग मेमसाबच्या कमरेला खोचलेल्या पदरातून बाहेर आलेला हिरवा खण पाहिला. आणि मग मला. त्याला कळलं. त्याला कळावं एवढ्याचसाठी मी ते सगळे दिवस गरम पोळ्या वाढल्या होत्या.

"या जावईबापू," मी म्हटलं. "पूजा अजून मोडली न्हाई. बगा, कुनी हलवलं न्हाई."

"तुमीच!" तो ओरडला. "तुमीच म्हनल्या, घरातलं घरात पुजा म्हनून! तुमीच खण दिला! मी कशाला काढलं आसतं बाहेर न्हाई तर?"

साहेबांनी देविदासरावांकडं पाहिलं. "क्या कह रहा है?"

देविदासरावांनी घसा साफ केला. "साहब, कह रहा है कि हथियार उसी का है. घर में ही था."



"चाबी," साहेब म्हणाले.

त्यानं पट्ट्याच्या चाव्या सोडल्या. कडी निघेना, शेवटी एका जवानानं मदत केली. मग खिशातल्या गोळ्या मागितल्या, त्याही निघाल्या. रिव्हॉल्व्हर त्यांनी लाल कापडासकट उचललं, कुंकू लागलेलं तसंच, आणि त्याच्याच कोतेत नेऊन जमा केलं. जाताना तो माझ्याजवळ थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "मामी, पाप लागंल तुमाला."

"लागू दे," मी म्हटलं. "मला दोन्ही कानांनी ऐकू येतंय. काय म्हणायचं ते मोठ्यानं म्हणा."

तो खाली मान घालून गेला. रुक्मिणबाई माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि दुसऱ्या छावणीत बदलून गेलेल्या अंगदला फोन लावला. "भाऊ, जेवलास का? न्हाई? मंग आज पोटभर जेव." आणि मग त्या ओट्याला टेकून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की शेवटी रडायला लागल्या.

सुकन्या घटाजवळ बसून होती. मी जवळ गेले तर तिनं माझ्या हातावर एक चापट मारली, लहानपणी मारायची तशी. "मला सांगायचं न्हाई का, अव्वा?"

"तुझं तोंड बग आरशात. सांगितलं आसतं तर त्याला तुझ्या तोंडावरूनच कळलं आसतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही सीमोल्लंघन करूनच छावणीचं फाटक ओलांडलं. घट मी मुदखेडजवळ वाटेतल्या नदीत सोडला आणि उगवलेलं धन सुकन्याच्या केसांत, डाव्या कानावर खोवलं.

आता पुढचं सांगते. मल्लिनाथची फौजेत चौकशी झाली. दुकानदारानं पहिल्याच दिवशी हात वर केले. फीत गेली, पेन्शनची वर्षं भरायच्या आधी नोकरी गेली, लायसन रद्द झालं. गोठ्याच्या भिंतीतली गोळी पोलिसांनी काढली आणि लातूरच्या कोर्टात केस उभी राहिली, मध्ये करोना आला, केस अजून चालू आहे. त्याची आई गेली. मी मातीला गेले नाही, फूल पाठवलं. रिव्हॉल्व्हर पोलिसांच्या मुद्देमालात आहे आणि माझी खात्री आहे की त्याला कुणी हळदकुंकू लावत नाही.

अंगदची फीत दोन वर्षांनी परत आली. आता तो हवालदार आहे. देविदासराव निवृत्त झाले, दोघं नांदेडला राहतात. रुक्मिणबाईंचे गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे. मेमसाब आसामकडं गेल्या. एका दसऱ्याला त्यांनी फोटो पाठवला, गुलेदगुडच्या हिरव्या खणाचं ब्लाऊज घातलेला.

सुकन्या उदगीरला माझ्याजवळ आहे. एका दवाखान्यात खिडकीवर बसते, उजवी बाजू लोकांकडं करून. फारकत मिळाली. परत लग्न करशील का विचारलं तर म्हणते, "डाव्या बाजूनं विचार, म्हंजे ऐकू येनार न्हाई." दुकानातला तराजू मी अजून दर खंडेनवमीला चिंचेनं घासते.

आणि मल्लिनाथ लातूरला एका शिकवणीच्या फाटकावर रखवालदार आहे. खाकी शर्ट, हातात काठी, तोंडात शिट्टी. पोरांच्या सायकली रांगेत लावतो. खंडेनवमीच्या आसपास मला लातूरला डोळे दाखवायला जावं लागतं, तेव्हा मी रिक्षा त्या रस्त्यानं घ्यायला लावते. त्याच्यासमोर आली की म्हणते, जरा हळू घे. तो मला बघतो आणि पाठ फिरवतो. मागच्या साली नेहमीच्या रिक्षावाल्यानं विचारलं, "आजी, डॉक्टर तर तिकडं हाय, दर बारीला हा फेरा कशाला?"

"माझा नवस हाय, बाबा," मी म्हटलं. "चल आता."